छोटी चित्रं, मोठी अक्षरं : स्लाइड फोनवर पोचवण्याच्या वाटांचा आढावा

कळंब, वालचंदनगर, लासुर्णे, निमसाखर हा इंदापूर तालुक्यातला उसाचा पट्टा. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या शिवारात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. ऊस, कारखाना आणि शाळा यांवर चालणाऱ्या या भागात आता तिन्हीकडे स्लाइड तयार होतात. शिक्षक धड्याच्या करतात, शेतकरी मेळाव्यात लागवडीच्या दाखवल्या जातात, प्रशिक्षणाच्या वर्गात नियमांच्या. प्रोजेक्टर तासभर चालतो. तो बंद व्हायच्या आत मागणी आलेली असते : "सर, ग्रुपवर टाका ना."

ग्रुपवर नेमकं काय टाकायचं, हा या लेखाचा प्रश्न आहे. मूळ फाइल टाकावी, पीडीएफ करावी, पडद्याचे फोटो काढावेत, की प्रत्येक स्लाइडचं वेगळं छोटं चित्र करून पाठवावं? चित्रं करायची तर हाताने, की मॅक्रोने? आणि 'छोटं' म्हणजे किती? याची उत्तरं सुटी सुटी पुष्कळ मिळतात. ती एकत्र ठेवून, मराठी मजकुरासाठी तपासून पाहिली, तर निष्कर्ष थोडा वेगळा निघतो. साधनं बहुतेक सगळी हाताशी आहेत. घोटाळा होतो तो चित्र काढताना नव्हे, स्लाइड लिहिताना.

मोठ्या पडद्यासाठी घडलेली वस्तू

पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं. फोरथॉट नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते मॅकिन्टॉश संगणकासाठी घडवलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचं काम मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पानांची छपाई करून देणं हे होतं. म्हणजे स्लाइडची कल्पना सुरुवातीपासूनच 'लांबून पाहायची, मोठी करून दाखवायची' अशी आहे.

महाराष्ट्रात हे साधन गावोगाव पोचलं त्यात २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचा वाटा मोठा. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागलं तसे तालुक्याच्या ठिकाणी वर्ग निघाले, आणि वर्ड-एक्सेलच्या जोडीने स्लाइड बनवणं हे सामान्य कौशल्य झालं. मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या अभ्यासमालेसारखं साहित्य फोनवरून जाऊ लागलं आणि शिक्षकांच्या स्वतःच्या स्लाइडही त्याच वाटेने निघाल्या. उजनी धरणाच्या पलीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना त्याच वर्षी ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून मुलाला थेट फोनवरच्या साहित्याकडे नेण्याचं त्यांचं काम तोवर राज्यभर माहीत झालं होतं.

संगणक-वर्गांचा प्रसार आणि शाळाबंदी या दोन घटनांनी एक गोष्ट पक्की केली. स्लाइड दाखवली जाते भिंतीवर, पण वाचली जाते तळहातावर. भिंतीसाठी घडलेली वस्तू तळहातावर नेताना जे करावं लागतं, त्याचाच हा आढावा.

मूळ फाइल का नको

मूळ फाइल पाठवण्यात तीन अडचणी येतात. पहिली वजनाची. फोनच्या कॅमेऱ्याचे फोटो स्लाइडवर चिकटवले की एकेक फोटो तीन-चार एमबीचा असतो, आणि वीस-पंचवीस स्लाइडची फाइल सहज पन्नास एमबीच्या पुढे जाते. स्लाइडवर फोटो बोटभर दिसत असला तरी आत तो पुराच्या पुरा बसलेला असू शकतो.

दुसरी अडचण अक्षरांची, आणि मराठीत ती फार जुनी आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवून तयार होतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फोनवर असे फॉन्ट नसतातच. युनिकोडमध्ये हा गोंधळ होत नाही, पण तिथेही स्लाइड 'मुक्ता' या फॉन्टमध्ये लिहिली आणि फोनने दुसराच फॉन्ट लावला तर ओळी वेगळ्या तुटतात, तक्त्याचा मजकूर चौकटीबाहेर जातो. चित्रात अक्षरं जशी होती तशी गोठतात.

तिसरी अडचण म्हणजे फाइलबरोबर जे जाऊ नये तेही जातं : स्लाइडखालच्या टिपा, लपवलेल्या स्लाइड, मुलांच्या गुणांचा तक्ता असलेली मागची एक्सेल शीट. चित्र काढलं की दिसतं तेवढंच जातं.

पीडीएफ हा मधला मार्ग आहे आणि छपाईसाठी तोच उत्तम. पण ग्रुपवर पीडीएफ आधी उतरवून घ्यावी लागते, उघडावी लागते, मग बोटांनी मोठी करत वाचावी लागते. चित्र गप्पांच्या ओघातच डोळ्यांसमोर येतं. ज्याला एकच गोष्ट पाहायची आहे, उदाहरणार्थ खताची मात्रा, त्याला चित्र सोयीचं. ज्याला सगळं जपून ठेवायचं आहे, त्याला पीडीएफ.

किती लहान म्हणजे लहान

आताच्या पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचं नेहमीचं माप १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असतं, म्हणजे ९६० पॉइंट गुणिले ५४० पॉइंट. २०१३ च्या आवृत्तीपूर्वी ते १० गुणिले ७.५ इंच, म्हणजे ७२० गुणिले ५४० पॉइंट होतं. एवढ्या माहितीवर एक कामाचं गणित मांडता येतं. चित्राच्या रुंदीचे पिक्सेल घ्यायचे, त्यांना ९६० ने भागायचं आणि अक्षराच्या पॉइंट मापाने गुणायचं. अक्षराच्या वाट्याला उंचीत किती पिक्सेल आले ते कळतं.

६४० पिक्सेल रुंदीच्या चित्रात २४ पॉइंटच्या अक्षराला १६ पिक्सेल मिळतात, १८ पॉइंटच्या अक्षराला १२. चित्र ३२० पिक्सेलचं केलं तर २४ पॉइंटच्या अक्षराला ८ पिक्सेल उरतात. इंग्रजी मजकूर १२ पिक्सेलमध्ये कसाबसा वाचता येतो. देवनागरीचं तसं नाही. त्याच १२ पिक्सेलमध्ये शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा पाय एवढं सगळं बसवायचं असतं. 'विद्यार्थी' मधल्या शेवटच्या अक्षराचा रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात आणि वाचक अंदाजाने वाचतो. माझ्या मते मराठी मजकुरासाठी १६ पिक्सेल ही शेवटची पायरी आहे, त्याखाली जाऊ नये.

अंदाजाने वाचणं गोष्टीच्या धड्यात चालतं, शेतीच्या तक्त्यात चालत नाही. उसाच्या लागवडीची स्लाइड घ्या. आडसाली १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. पुढच्या रकान्यात जात, समजा को ८६०३२ किंवा फुले २६५. त्याच्या पुढे खतमात्रा : आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश, सुरूला २५०, ११५, ११५. हे सगळं एका स्लाइडवर मावावं म्हणून अक्षर १४ पॉइंटवर आणलं जातं. ६४० पिक्सेलच्या चित्रात त्याला नऊ पिक्सेल मिळतात. नऊ पिक्सेलमध्ये १ आणि ९ सारखे दिसू लागतात, ४ आणि ५ मधला फरक एका टोकावर येतो. भिंतीवर बरोबर असलेली स्लाइड फोनवर चूक सांगते, आणि ती तयार करणाऱ्याला हे कळतही नाही, कारण त्याच्या संगणकावर ती स्वच्छ दिसत असते.

मग चित्र मोठं काढा, १९२० पिक्सेलचं काढा, असं कुणी म्हणेल. त्याने धूसरपणा जातो, अक्षर मोठं होत नाही. फोन उभा धरला की पडद्याची रुंदी साधारण सात सेंटिमीटर असते. स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद. म्हणजे सगळं जवळपास एक पंचमांश होतं आणि २४ पॉइंटचं अक्षर फोनवर पाच पॉइंटचं दिसतं. वर्तमानपत्राच्या मजकुराच्या मापाचं, म्हणजे नऊ पॉइंटच्या आसपासचं दिसायला हवं असेल तर स्लाइडवर ते ४४ पॉइंटचं असायला हवं. यावर पिक्सेल वाढवणं हा उपाय नाही.

उपाय आहे स्लाइड उभी करण्याचा. 'स्लाइड साइझ' मध्ये जाऊन रुंदी ७.५ इंच आणि उंची १३.३३ इंच केली की रुंदी १९.०५ सेंटिमीटर होते, आणि तेच २४ पॉइंटचं अक्षर सात सेंटिमीटरच्या पडद्यावर जवळजवळ नऊ पॉइंटचं दिसतं. पिक्सेलच्या गणितातही मग भागायचं ५४० ने, त्यामुळे ५४० पिक्सेल रुंदीच्या उभ्या चित्रात २४ पॉइंटच्या अक्षराला पूर्ण २४ पिक्सेल मिळतात. फक्त तयार आडवी फाइल अशी उभी केली तर मजकूर विस्कटतो, म्हणून हा निर्णय पहिली स्लाइड करण्याआधी घ्यावा लागतो.

हाताने आणि रजिस्ट्रीने

सर्वांत सोपी वाट सगळ्यांना ठाऊक आहे. 'सेव्ह ॲज' मध्ये जायचं, प्रकार जेपेग किंवा पीएनजी निवडायचा, आणि सगळ्या स्लाइड की फक्त समोरची, या प्रश्नाला उत्तर द्यायचं. नवा फोल्डर तयार होतो आणि त्यात चित्रं पडतात. कधीमधीच्या कामाला एवढं पुरे.

पण माप कुणी ठरवलं? पॉवरपॉइंटने. आडव्या स्लाइडचं चित्र नेहमीच्या मांडणीत १२८० गुणिले ७२० पिक्सेलचं निघतं, कारण हिशेब इंचाला ९६ पिक्सेलचा असतो. तो हिशेब विंडोजच्या रजिस्ट्रीत 'एक्स्पोर्ट बिटमॅप रिझोल्यूशन' नावाची नोंद घालून बदलता येतो. ५० घातले तर आडवं चित्र ६६७ गुणिले ३७५ चं होतं, ३०० घातले तर ४००० गुणिले २२५० चं. पोस्टर छापणाऱ्याला हा मार्ग उपयोगी. छोटी चित्रं हवी असणाऱ्याला तो अडचणीचा, कारण बदल त्या संगणकावरच्या पुढच्या प्रत्येक कामाला लागू होतो. शाळेच्या सामायिक संगणकावर एकाने ५० घालून ठेवले की दुसऱ्याला आपली चित्रं धूसर का येतात ते समजत नाही. शिवाय रजिस्ट्रीत चुकीच्या जागी हात लागला तर निस्तरणं सोपं नसतं.

मॅक्रो काय करतो

मॅक्रो म्हणजे पॉवरपॉइंटलाच दिलेली लेखी कामाची यादी. १९९७ च्या आवृत्तीपासून पॉवरपॉइंटमध्ये व्हिज्युअल बेसिकची ही सोय आहे. ऑल्ट आणि एफ ११ दाबलं की संपादकाची खिडकी उघडते, 'इन्सर्ट' मधून नवं मॉड्यूल घेतलं की लिहायला जागा मिळते.

चित्रं काढण्याचा मॅक्रो आठ-दहा ओळींत होतो. फाइलमधल्या प्रत्येक स्लाइडजवळ 'एक्स्पोर्ट' नावाची आज्ञा असते आणि तिला चार गोष्टी सांगायच्या असतात : फाइलचं नाव, चित्राचा प्रकार, रुंदी, उंची. पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत एक फेरी लावायची आणि प्रत्येक वेळी ही आज्ञा द्यायची. रुंदी आणि उंचीच्या जागांना मायक्रोसॉफ्टने 'स्केल विड्थ' आणि 'स्केल हाइट' अशी नावं दिली आहेत. त्यामुळे तिथे टक्केवारी द्यायची असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे पिक्सेलचा आकडा जातो.

चांगल्या आणि कामचलाऊ मॅक्रोमधला फरक चार बारीक गोष्टींत दिसतो. एक, उंची हाताने लिहू नये. स्लाइडची उंची भागिले रुंदी गुणिले हवी ती रुंदी, असा हिशेब मॅक्रोलाच करू द्यावा, नाहीतर जुन्या मापाची फाइल आली की चित्रं ताणली जातात. दोन, फाइलच्या नावात क्रमांक ००१, ००२ असे तीन अंकी लिहावेत. नुसते १, २ लिहिले तर नावाप्रमाणे लावणाऱ्या पुष्कळ ॲपमध्ये एकच्या मागे दहा येतो आणि दोन नंतर, आणि ग्रुपवर धडा उलटसुलट जातो. तीन, लपवलेली स्लाइड तपासून वगळावी, कारण फेरी लावणारा मॅक्रो तिचंही चित्र निमूटपणे काढतो. चार, फाइल कुठे ठेवलेली आहे ते पाहावं. ती अजून सेव्हच केलेली नसेल तर तिचा पत्ता रिकामा असतो, आणि वनड्राइव्हवर असेल तर फोल्डरच्या पत्त्याऐवजी इंटरनेटचा पत्ता मिळतो. दोन्ही वेळा मॅक्रो अडतो. म्हणून चित्रांसाठी संगणकावरचा एक ठरावीक फोल्डर नेमून द्यावा.

चित्राच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. नुसता मजकूर, तक्ते, सपाट रंग असतील तर पीएनजी : कडा स्वच्छ राहतात आणि वजनही आटोक्यात असतं. फोटो असतील तर जेपेग. जेपेग अक्षरांच्या कडांभोवती धुरकटपणा सोडतो आणि पॉवरपॉइंटच्या 'एक्स्पोर्ट' आज्ञेत त्याची प्रत कमीजास्त करण्याची सोय नाही. व्हॉट्सॲप तर फोटो म्हणून पाठवलेलं प्रत्येक चित्र स्वतः पुन्हा दाबतं, म्हणजे जेपेगवर आणखी एकदा जेपेग. आकड्यांचा तक्ता असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तसा पाठवला की तो दाबला जात नाही.

मॅक्रोचा फायदा वेगात आहे असं सहसा सांगितलं जातं. वीस स्लाइडसाठी हाताने काढायलाही अर्धं मिनिट लागतं, तेव्हा वेगाचा मुद्दा फार टिकत नाही. खरा फायदा असा की मापाचा निर्णय एकदाच, विचार करून, एका माणसाने घ्यायचा आणि मग तो दरवेळी तसाच पाळला जातो. वाचण्यासाठी ७२० पिक्सेलची आणि यादीत दाखवण्यासाठी ३२० पिक्सेलची, असे चित्रांचे दोन संच एकाच फेरीत निघतात.

एक्सेलमध्ये मुरलेल्या माणसाला इथे एक धक्का बसतो. एक्सेलमध्ये काम करून दाखवलं की मॅक्रो आपोआप नोंदवला जातो. पॉवरपॉइंटमधली ही नोंदणीची सोय २००७ च्या आवृत्तीत काढून टाकली गेली. त्यामुळे कार्यालयात एक्सेलचे मॅक्रो सहज करणारेही पॉवरपॉइंटच्या बाबतीत दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींवर विसंबतात.

मराठीत अडतं कुठे

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात येत नाहीत अशा अडचणी इथून सुरू होतात. व्हिज्युअल बेसिकचा संपादक जुन्या घडणीचा आहे, त्याला युनिकोड कळत नाही. त्यात 'धडा' असं टाइप केलं किंवा चिकटवलं की प्रश्नचिन्हं उमटतात. फाइलचं नाव मराठीत देण्यासाठी प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहावा लागतो, जसा क साठी २३२५. कुणीही दोन अक्षरांनंतर हे सोडून देईल.

यातून दोन पळवाटा आहेत. पहिली, नाव मॅक्रोत लिहायचंच नाही. ते स्लाइडच्या शीर्षकातून उचलायचं. संपादकाला मराठी दाखवता आलं नाही तरी पॉवरपॉइंटच्या आत मजकूर युनिकोडमध्येच असतो आणि तो फाइलच्या नावात नीट उतरतो. मात्र शीर्षकातली प्रश्नचिन्हं, विसर्गाऐवजी टाकलेले कोलन, तिरप्या रेघा आधी काढाव्या लागतात, कारण विंडोज फाइलच्या नावात ती चिन्हं स्वीकारत नाही. ओळ तोडण्याचं अदृश्य चिन्हही शीर्षकात दडलेलं असतं, तेही काढावं. दुसरी पळवाट, फोल्डर तयार करायला व्हिज्युअल बेसिकची जुनी आज्ञा न वापरता 'फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट' वापरायचा. जुनी आज्ञा देवनागरी पत्ता पाहून चुकते, नवी चुकत नाही. संगणकावर वापरकर्त्याचं नाव किंवा मूळ फोल्डरच मराठीत असेल तर नेमकं इथेच घोडं अडतं, आणि दोष आपल्या मॅक्रोत आहे असं वाटून तासभर वाया जातो.

फॉन्टची निवडही इथेच येते. विंडोज २००० पासून आलेला मंगल हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट पडद्यासाठीच होता, तरी आज छोट्या चित्रासाठी थोड्या जाड वळणाचे, मोकळे फॉन्ट बरे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता त्यात चांगला बसतो. बारीक रेषेचे सुलेखनी फॉन्ट लग्नपत्रिकेत शोभतात. १६ पिक्सेलमध्ये त्यांच्या वेलांट्या हरवतात. फिक्या रंगावर पिवळी अक्षरं, अक्षरामागे फोटो, सावली हे भिंतीवर खपून जाणारे प्रकारही छोट्या चित्रात टाळलेले बरे.

दुसऱ्या वाटा

पॉवरपॉइंट नसेल तर लिबरऑफिस इम्प्रेस आहे. ते मोफत आहे, त्याची स्वतःची बेसिक भाषा आहे, आणि तिच्या संपादकात देवनागरी थेट लिहिता येतं. म्हणजे मराठीची जी अडचण वर आली ती इथे मुळातच नाही. चित्र काढण्याची आज्ञा मात्र अधिक लांबण लावून द्यावी लागते : कोणतं पान, कोणता प्रकार, पिक्सेलमध्ये रुंदी-उंची, सगळं वेगळं भरून. एक इशारा हवा. कमांड लाइनच्या काळ्या खिडकीतून थेट 'पीएनजी कर' असं सांगितलं तर ते फक्त पहिल्या स्लाइडचं चित्र देतं. तिथली रुळलेली पद्धत अशी की आधी पीडीएफ करायची आणि मग 'पीडीएफ टू पीपीएम' सारख्या साधनाने हव्या त्या मापाची चित्रं काढायची. पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल इम्प्रेसमध्ये उघडताना फॉन्ट तोच नसेल तर ओळी सरकतात, तेवढं आधी पाहून घ्यावं.

गूगल स्लाइड्समध्ये हाताने एका वेळी एकाच स्लाइडचं चित्र उतरवता येतं. सगळ्यांची हवी असतील तर ॲप्स स्क्रिप्टमधून गूगलची 'थंबनेल' सेवा बोलवावी लागते. तिथे मापं तीनच : २०० पिक्सेल, ८०० पिक्सेल आणि १६०० पिक्सेल रुंदी. वर मांडलेल्या गणिताने पाहिलं तर २०० चं चित्र मराठी मजकुरासाठी निरुपयोगी, फक्त ओळखीपुरतं. ८०० चं कामाचं. सेवेने दिलेला चित्राचा पत्ता अर्ध्या तासाने मावळतो, म्हणून स्क्रिप्टने चित्र लगेच ड्राइव्हवर ठेवावं लागतं. फाइल आधीच ड्राइव्हवर असेल आणि नेट चांगलं असेल तर ही वाट सोयीची. नेट जात-येत असलेल्या ठिकाणी पॉवरपॉइंटचा मॅक्रो बरा, त्याला नेट लागतच नाही.

पायथॉन येणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. 'पायथॉन-पीपीटीएक्स' ही प्रसिद्ध लायब्ररी स्लाइड तयार करते, बदलते, पण तिचं चित्र काढत नाही. चित्रासाठी पायथॉनलाही सहसा विंडोजवरचं पॉवरपॉइंट पडद्यामागून चालवावं लागतं, म्हणजे आज्ञा शेवटी तीच. मॅकवर मॅक्रो चालतात, पण ऑफिसला तिथे मोजक्याच फोल्डरमध्ये लिहायची मुभा असते. फोनवरच्या आणि ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. ज्या घरात संगणक नाही, फक्त फोन आहे, तिथे अजूनही स्क्रीनशॉट हाच मार्ग उरतो.

मॅक्रो आणि भीती

मॅक्रोचं नाव घेतलं की व्हायरसची आठवण निघते, आणि ती अकारण नाही. १९९५ मध्ये वर्डच्या फाइलींतून पसरलेला 'कॉन्सेप्ट' आणि मार्च १९९९ मध्ये ईमेल यंत्रणा तुंबवणारा 'मेलिसा' हे दोन्ही मॅक्रोच होते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये धोरण बदललं आणि इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो विंडोजवर आपोआप अडवायला सुरुवात केली. लाल पट्टी दिसते आणि 'एनेबल' चं बटणच नसतं. फाइलच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये जाऊन 'अनब्लॉक' ची खूण केली की ती चालते, पण ही सवय लावून घेणं धोक्याचं.

यातून निघणारा व्यवहारी नियम सोपा आहे. मॅक्रो असलेली तयार फाइल कुणाकडून घेऊ नये आणि देऊही नये. मॅक्रोच्या ओळी मजकूर म्हणून घ्याव्यात, वाचाव्यात आणि आपल्या संगणकावर स्वतः चिकटवाव्यात. आठ-दहा ओळी वाचायला प्रोग्रामर असावं लागत नाही. त्यात स्लाइडवर फेरी आणि 'एक्स्पोर्ट' याखेरीज काही असेल, इंटरनेटचा पत्ता असेल, 'शेल' सारखा शब्द असेल, तर त्या ओळी टाकून द्याव्यात. ज्या फाइलीत मॅक्रो ठेवायचा ती 'पीपीटीएम' प्रकारात वेगळी सेव्ह करावी आणि ती फक्त अवजार म्हणून वापरावी. ती उघडी असताना शेजारची कोणतीही साधी फाइल तिच्या मॅक्रोने चित्रांत बदलता येते. धड्याची फाइल मॅक्रोविना, साधीच राहते.

चित्रात काय हरवतं

ॲनिमेशनने एकामागून एक येणारी उत्तरं चित्रात एकदम दिसतात, कधी एकमेकांवर बसलेली. व्हिडिओचं एक स्थिर चित्र उरतं, दुवे मरतात. यातलं बरंचसं आधी पाहून सुधारता येतं : ॲनिमेशनची स्लाइड दोन-तीन स्लाइडमध्ये फोडायची, दुवा संदेशात वेगळा द्यायचा.

मजकूर हरवणं मात्र गंभीर आहे. चित्रातली मराठी शोधता येत नाही, उचलता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनला ती वाचून दाखवण्याचा भरवसा नाही. गेल्या हंगामात ग्रुपवर आलेली खतमात्रा या हंगामात शोधायची तर बोटाने शेकडो चित्रं मागे सारावी लागतात. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र, शाळा, कारखाने, सगळीकडून माहिती चित्रांतून येते आणि चित्रांतच बुजते.

चित्र काढणाऱ्या मॅक्रोचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो, आणि तो फार कुणी करून घेत नाही. जी फेरी प्रत्येक स्लाइडचं चित्र काढते, तीच फेरी त्या स्लाइडवरचा मजकूर वाचून त्याच क्रमांकाच्या मजकूर-फाइलीत लिहू शकते. चार-पाच ओळींची भर. फक्त इथेही मराठीची तीच खोड निघते : व्हिज्युअल बेसिकची फाइल लिहिण्याची जुनी आज्ञा वापरली तर मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, म्हणून 'एडीओडीबी स्ट्रीम' नावाच्या साधनाने युटीएफ-८ मध्ये लिहावं लागतं. श्रीलिपीतल्या जुन्या स्लाइडना हे लागू पडत नाही, त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. मग चित्र पाठवताना त्याखाली तो मजकूर चिकटवला की 'आडसाली' असं शोधल्यावर तो संदेश सापडतो आणि फोन तो मोठ्याने वाचूनही दाखवतो.

तेव्हा एकूण हिशेब असा मांडता येईल. वर्षातून दोनदा चित्रं लागत असतील तर 'सेव्ह ॲज' पुरेसं आहे, मॅक्रोच्या वाटेला जाऊ नये. दर आठवड्याला लागत असतील आणि पॉवरपॉइंट असेल तर मॅक्रो, नसेल तर इम्प्रेस आणि पीडीएफ. सगळं काम ड्राइव्हवर चालत असेल तर गूगलचं ८०० पिक्सेलचं माप. कोणतीही वाट घेतली तरी स्लाइड उभी, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नाही, आणि एका स्लाइडवर एकच तक्ता, हे आधी ठरलं पाहिजे. तीन हंगामांच्या तीन स्लाइड करायला दहा मिनिटं जास्त लागतील. एका स्लाइडवर कोंबलेला तक्ता वाचता यावा यासाठी जगातला कोणताही मॅक्रो काही करू शकत नाही.